डमी खराब होईल, हात लावू नका

आरोग्य आणि प्रथमोपचाराचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवणाऱ्या आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात सर्वांत धडधाकट कोण असेल, तर सीपीआर शिकवायला आणलेली डमी. आहे कमरेपर्यंतच, पण तब्येत ठणठणीत. कारण येताना अंगावर असलेलं प्लास्टिक अजून उतरलेलं नाही. डेड स्टॉकच्या रजिस्टरात तिचा अनुक्रमांक आहे, कपाटाला कुलूप आहे, किल्ली मोठ्या बाबूंकडे आहे आणि मोठे बाबू मीटिंगला गेले आहेत. तेव्हा ‘दाब इथे द्यायचा’ हे सर कपाटाच्या काचेवर टिचकी मारून सांगतात आणि मुलं वहीत उतरवून घेतात. हात लावायचा नाही, डमी खराब होईल. खराब झाली तर निर्लेखन करावं लागतं, निर्लेखनाला समिती लागते, समितीला इतिवृत्त लागतं. माणूस गेला तर एका दाखल्यावर भागतं.

प्लास्टिक निघतं ते मूल्यांकन समिती येते त्या दिवशी. मग डमीला टेबलावर घेतात, खाली हिरवा कपडा, उशाला गुलाबाची फुलं. अध्यक्ष छातीवर एक हात ठेवतात, दुसऱ्या हातात श्रीफळ असतं. प्राचार्य अध्यक्षांच्या हातावर हात ठेवतात, समन्वयक प्राचार्यांच्या हातावर, आणि जागा न उरलेले पाहुणे डमीच्या खांद्यावर. दाब कुणीच देत नाही. सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात. फोटो जिओटॅग केलेलाच लागतो, म्हणजे छाती दाबली न गेल्याची जागा अक्षांश-रेखांशासह सिद्ध होते. भर पावसात बांधावर पडलेल्या माणसाचा पत्ता १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाला इतका अचूक मिळाला तर तो बिचारा धन्य होईल. पण त्या पत्त्याला गुण नाहीत, या फोटोला आहेत. जेवणं आटोपली की प्लास्टिक पुन्हा चढतं आणि अहवालात ‘प्रात्यक्षिक संपन्न’ अशी ओळ पडते. अख्ख्या जिल्ह्यात इतकी जपलेली दुसरी छाती नसेल. तिला रोवणीला जावं लागत नाही, तलावात उतरावं लागत नाही, हायवे ओलांडावा लागत नाही.

ज्यांना हे सगळं करावं लागतं त्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम आहे, असं आपण धरून चालू. भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. पावसाळ्यात बाया-माणसं दिवसभर वाकून चिखलात परहे रोवतात, त्याच बांधीत साप असतात. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते तर कित्येकदा खूणही दिसत नाही. आभाळात कडकडाट सुरू झाला तरी हातातली रोवणी सुटत नाही. गावोगावी मामा (माजी मालगुजारी) तलाव, मधून वैनगंगा. लाखनी-साकोलीवरून रात्रंदिवस ट्रक. यातल्या प्रत्येक संकटात पहिल्या काही मिनिटांत कुणाच्या तरी हातांनी काही करायचं असतं, किंवा करायचं टाळायचं असतं. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो आणि हृदय थांबलं असेल तर लगेच छाती दाबल्याने तो वाचू शकतो. बुडालेल्याला पालथं घालून पोट दाबण्यात वेळ जातो. त्याला आधी श्वास द्यायचा असतो. साप चावलेल्याचा पाय बांबूची कमची आणि दुपट्टा लावून स्थिर ठेवायचा, त्याला चालू द्यायचं नाही आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात तातडीने न्यायचं. घट्ट आवळून बांधायचं नाही, ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने विष ओढायचं नाही. २००९ च्या राष्ट्रीय सर्पदंश नियमावलीने हे स्पष्ट सांगून टाकलं. नोट्स मात्र त्याआधीच्याच झेरॉक्स होत राहतात, म्हणून आवळपट्टी बांधायला सांगणाऱ्याला पूर्ण गुण.

कारण परीक्षा लेखी आहे. सीपीआरचं पूर्ण रूप लिहा, गुण दोन. प्रथमोपचाराचे महत्त्व विशद करा, गुण दहा. प्रथमोपचार पेटीची सुबक व नामनिर्देशित आकृती काढा; पेन्सिल न वापरल्यास गुण कापले जातील. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबायची, हे वर्गातल्या पोरीला पाठ असतं. पण दोन मिनिटांत आपले खांदे भरून येतात आणि म्हणून दुसऱ्याला हाताशी ठेवायचं असतं, हे पाठ करून कळत नाही. रोवणी फळ्यावर शिकवून कुणी बांधीत उतरवत नाही. मग श्वास परत आणणं तेवढं फळ्यावर कसं जमेल?

यावर पहिली हरकत पैशाची. डमी महाग, दीडशे पोरांनी दाबली तर टिकेल का? न टिकायलाच ती आणलेली असते. आणि नसेलच परवडत तर तणसाने भरलेलं पोतं घ्या. ते छातीसारखं दबणार नाही, पण तळहात कुठे, कोपर ताठ कसा आणि दम कधी लागतो एवढं शिकवेल. दुसरी हरकत, आता २०१४ पासून १०८ आहे, पोरांनी कशाला लुडबुड करायची? हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. लाखांदूरच्या टोकाच्या गावात तेवढ्या वेळात गाडी पोचेल, असं १०८ चा चालकही म्हणणार नाही. तिसरी हरकत सर्वांत शहाणी: अर्धवट ज्ञानाने नुकसान झालं, केस झाली तर? हृदय थांबलेल्या माणसाचं याहून वाईट काय होणार आहे, तेवढं सांगा. रस्ते अपघातात सापडलेल्याला निरपेक्षपणे मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने, कलम १३४-अ ने, संरक्षणही दिलं आहे. आणि ज्ञान अर्धवट राहील ही भीती ते अर्धवट शिकवणाऱ्यानेच घालावी?

खरं तर आता हसू येत नाही. पोरीच्या हातात लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आहे, म्हणून घरच्यांना आणि गावाला वाटतं हिला येतं. उद्या तलावाच्या पाळीवर कुणी ओरडलं तर सगळे तिच्याकडे बघतील. तिला हातच चालवता आला नाही तर दोष तिच्या माथी येईल, त्या फोटोतल्या कुणाच्या माथी नाही. शिकवलं नसतं तर निदान तिला माहीत तरी असतं की आपल्याला येत नाही.

म्हणून पेपर रद्द करा. परीक्षा जमिनीवर घ्या: दोन मिनिटं, न थांबता, परीक्षकाने मोजत. दोनशेच्या खाली गेलं, दाब उथळ पडला, की नापास. चिठ्ठी नाही, ग्रेस नाही. आणि प्रमाणपत्रावर ज्यांची सही असते त्यांनी ही परीक्षा मुलांच्या आधी, मुलांसमोर द्यायची. त्यानंतर पुढच्या वर्षी किती महाविद्यालयं हा अभ्यासक्रम सुरू ठेवतात तेवढं मोजा. ती खरी मान्यताप्राप्त यादी.