कासव दिसलं का?

वर्धा-आर्वी रस्त्यावर आंजी (मोठी)ला उतरून 'कॉम्प्युटरवाला भाऊ कुठं राहतो' असं विचारलं, तर घर कोणीही दाखवील. पण आधी तुम्हालाच विचारील, "काम अर्जंट आहे काय? मंग वर्ध्यालेच जा ना बाप्पा." असा एक भाऊ आता प्रत्येक मोठ्या गावात असतो. इंजिनिअरिंग झालेलं, पुण्याला मुलाखत देऊन आलेला, 'कळवतो' म्हणून सांगितलेलं, आणि इकडे मुली पाहणं सुरू.

या भाऊच्या कॉम्प्युटरच्या आत आणखी एक कॉम्प्युटर आहे. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेर विंडोज, पोटात लिनक्स. नोकरीला लिनक्स लागतं, ते घरीच शिकू, असा मूळ बेत. आता परिस्थिती अशी की भाऊला लिनक्स बेताचंच येतं, पण लिनक्स का सुरू होत नाही या विषयावर तो जेवणाची वेळ टळेपर्यंत बोलू शकतो.

मशीनमध्ये रॅम 8 जीबी. त्यातली 6 जीबी त्यानं आतल्याला देऊन टाकली. हे आतलं मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये रॅम वाटायची पट्टी असते. हिरव्या रंगापर्यंत ठीक, पुढं नारिंगी, मग लाल. भाऊ नारिंगीत. प्रोसेसरचे कोअर चार, तेही चारही आतल्याच्याच नावावर. मग उरलेल्या 2 जीबीत बाहेरचं विंडोज काय करणार? ते आपला पसारा हार्डडिस्कवर नेऊन ठेवतं, परत आणतं, परत नेतं. डिस्क जुनी, फिरणारी. कुरकुर स्वयंपाकघरात ऐकू येते. बाबांनी एकदा हा सगळा हिशेब नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "एका बैलजोडीवर दोन वखर चालते काय बे?" तांत्रिक दृष्ट्या यापेक्षा अचूक निदान आजवर झालेलं नाही. भाऊ म्हणाला, "बाबा, तुमाले नाही समजत ते."

कारण त्याला कासव सापडलं होतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात एरवी 'व्ही' अक्षराचं चिन्ह असतं. विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही आधीच प्रोसेसरवर बसून असेल, तर त्या जागी हिरवं कासव येतं. हे खरंच आहे, थट्टा नाही. मग कोअर आयसोलेशनमध्ये जाऊन मेमरी इंटिग्रिटी बंद करा, बीसीडीएडिटची आज्ञा द्या, रिस्टार्ट करा, बायोसमध्ये शिरून व्हीटी-एक्स चालू आहे का बघा. भाऊनं हे सारं केलं. कासव गेलं. मशीनची चाल मात्र कासवाचीच राहिली.

अशा वेळी दारात शेजारचे काका उभे असतात. "भाऊ, माही ई-केवायसी करून दे ना. हप्ता अटकला." भाऊ मान वर न करता म्हणतो, "बसा काका, रिस्टार्ट होऊन राह्यला." आणि रिस्टार्ट होईपर्यंत काकांना इतिहास ऐकावा लागतो: आयबीएमनं हे मशीनच्या आत मशीन 1960 च्या दशकातच केलं होतं, 1972 मध्ये व्हीएम/370 बाजारात आणलं, व्हर्च्युअलबॉक्स आलं 2007 मध्ये, ते आधी सननं घेतलं, मग ओरॅकलकडं गेलं. काकांना हे आता पाठ झालंय. ई-केवायसी अजून बाकी आहे. मधेच लाइन जाते; आतलं मशीन 'अ‍ॅबॉर्टेड' दाखवतं, आणि भाऊच्या चेहऱ्यावर नवीन काम मिळाल्याचं समाधान पसरतं.

आता खोलीबद्दल सांगायला हवं. कॉम्प्युटर ठेवलाय समोरच्या खोलीत, आणि दिवाळीपासून त्याच खोलीत कापूस. भाव वाढेल म्हणून थांबलेला, भिंतीला लागून खांद्याएवढा ढीग. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण भाऊनं हवा लागावी म्हणून काढून ठेवलेलं. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो, हेही भाऊला माहीत आहे. विचारलं तर तो समजावूनही सांगतो, ढिगावर पाठ टेकून.

फेब्रुवारीत कापूस गेला. गाडी हलल्याबरोबर आईनं खोली झाडायला घेतली, आणि भाऊ गाडीसोबत जिनिंगला गेलेला पाहून कॅबिनेटमध्येही हात घातला. पंख्याच्या पात्यांतून आणि खालच्या जाळीतून मूठभर तंतू निघाले. चांगले लांब धाग्याचे होते. माउलीनं ते टाकले नाहीत. त्यांच्या वाती वळल्या.

संध्याकाळी भाऊ परतला, बटण दाबलं, आणि लिनक्स अटकत-अटकत का होईना, थेट पडद्यापर्यंत आलं. बंद पडलं नाही. कुरकुर होती, पण पंख्याची घरघर गेली होती. आदल्या रात्री त्यानं ग्राफिक्सची मेमरी 16 वरून 128 एमबी केली होती. त्याचंच हे फळ, असं त्यानं बाबांना, काकांना आणि पुण्याच्या दोन मित्रांना पटवून दिलं. आई देवापाशी दिवा लावत होती, तिला वेळ नव्हता.

दोन दिवस मशीन बिनतक्रार चाललं. भाऊ चिडचिडा झाला. जेवणावर लक्ष नाही, काकांची ई-केवायसीसुद्धा करून टाकली. तिसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये त्याला 'नेस्टेड' नावाचा एक चौकोन दिसला. त्यावर खूण केली की व्हर्च्युअल मशीनच्या आत आणखी एक व्हर्च्युअल मशीन चालवता येतं.

"काका," तो खिडकीतून ओरडला, "मोकळे असान तर या ना जरासे!"