तालुक्याचा रोटेरियन

रोटेरियन हा महाराष्ट्रात तालुक्याच्या आणि त्याहून मोठ्या गावांत आढळणारा, साधारण चाळिशी ओलांडलेला, बहुधा स्वतःचे दुकान, दवाखाना किंवा वर्कशॉप असलेला गृहस्थ होय. छातीवर डाव्या बाजूला लावलेली चक्राची पिन ही त्याची ओळखीची खूण. सफारी असो, जाकीट असो, नाहीतर मुलाच्या लग्नातली शेरवानी, पिन जागची हलत नाही. नावाआधी ‘रो.’ लागते आणि निमंत्रणपत्रिकेत ते राहून गेले तर छापखान्याला फोन जातो. पिनेवरच्या चक्राला चोवीस दाते, सहा आरे आणि मधोमध चावीची खाच असते. ही खाच मागाहून आली. ती नसेल तर चाक आसावर नुसतेच गरगरेल, त्याच्याकडून काम होणार नाही, अशी हरकत अभियंत्यांनी घेतली होती. चक्रात खाच पडली; काही सदस्यांत ती पडायची राहिली आहे.

रोटेरियनच्या संस्थेचा, म्हणजे रोटरीचा, जन्म शिकागोतला. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी अशा तिघांना जमवून पहिली बैठक घेतली. पुढच्या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या आणि त्यावरून संस्थेला नाव मिळाले. भारतात पहिली सनद कलकत्त्याच्या क्लबला १९२० साली मिळाली, मुंबईचा क्लब १९२९ चा. तेव्हा सभासद बहुतेक साहेब किंवा साहेबाच्या बरोबरीने उठबस असलेले देशी लोक. तालुक्याच्या गावापर्यंत संस्था पोचली तोवर साहेब गेला होता. घंटा, हातोडा, गळ्यातली कॉलर आणि वेळेचा आग्रह एवढे मागे राहिले. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी गावाने मनापासून स्वीकारल्या.

एका व्यवसायाचा एकच प्रतिनिधी, हे मूळ तत्त्व. ते पुढे पुष्कळ सैल झाले, तरी गावात त्याचा मान राखायची एक पद्धत आहे. डॉक्टर एकच घ्यायचा म्हटले तर क्लब उभा राहायचा नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, दंतवैद्य, भूलतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजीवाले असे सहा निरनिराळे व्यवसाय मानले जातात. मग त्यांचे औषध दुकानदार, त्यांचा सीए, त्यांचे हॉस्पिटल बांधणारा बिल्डर, आणि त्या बिल्डरला टाइल्स देणारा. नव्या माणसाला आत आणताना ‘समाजासाठी काहीतरी करू’ असे सांगितले जाते. ‘ओळखी वाढतात’ हे सांगावे लागत नाही.

साप्ताहिक सभेचा वार ठरवणे हे कोणत्याही क्लबच्या आयुष्यातले पहिले मोठे काम. सोमवारी महादेवाचा उपवास असतो, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. शुक्रवारी बायकांचे हळदीकुंकू, रविवारी लग्ने. उरतो बुधवार. सभेच्या वाराचा उपवासाशी संबंध काय, हा प्रश्न ज्याला पडेल त्याने सभेनंतरची ‘फेलोशिप’ पाहिलेली नसते. फेलोशिप म्हणजे बंधुभाव, असे घटना सांगते. प्रत्यक्षात मसाला पापडाने सुरू होऊन व्हेज कोल्हापुरी, पनीर आणि जिरा राइसमार्गे गुलाबजामापर्यंत जाते ती फेलोशिप. बंधुभाव तिथेच निर्माण होतो, हेही खरे. पाहुण्याच्या भाषणात पेंगलेला सदस्य ताट हातात येताच गावातल्या कुणाच्या आजारपणाची, कुणाच्या अडलेल्या कर्जाची, कुणाच्या हुशार पण फी न भरलेल्या मुलाची बातमी काढतो आणि पुढचे दोन प्रकल्प ताटावरच ठरतात. इतिवृत्तात त्यांची नोंद सभेत ठरल्याची होते.

सभेची वेळ सात. सात वाजता सभागृहात शिपाई, माइकवाला आणि प्रमुख पाहुणे असे तिघे असतात. साडेसातला अध्यक्ष कॉलर घालून घंटा वाजवतात. कॉलरला मागच्या अध्यक्षांच्या नावांच्या पट्ट्या लटकलेल्या असल्याने ती वर्षागणिक जड होत जाते आणि रौप्यमहोत्सवी क्लबच्या अध्यक्षाला मान ताठ ठेवावीच लागते. राष्ट्रगीतानंतर चार प्रश्नांची कसोटी सर्वजण उभ्याने म्हणतात. आपण जे बोलतो, करतो ते सत्य आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, त्याने सद्भाव वाढेल का, सर्वांचे भले होईल का, असे ते चार प्रश्न. हर्बर्ट टेलर या अमेरिकन व्यवस्थापकाने १९३२ साली दिवाळखोरीच्या काठावरची भांड्यांची कंपनी सावरण्यासाठी ते तयार केले आणि कंपनी खरोखर सावरली. गावात ही कसोटी सर्वांत खड्या आवाजात प्लॉटचे व्यवहार करणारा सदस्य म्हणतो.

पुढे प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, भाषण, सन्मानचिन्ह आणि आभार असा क्रम असतो. पाहुण्यांची ओळख पाहुण्यांनीच लिहून पाठवलेली असते आणि वाचणारा त्यातले एक आडनाव हमखास चुकवतो. भाषणांचे विषय मर्यादित आहेत: मधुमेह, इच्छापत्र, म्युच्युअल फंड, आणि वर्षातून एकदा शिवरायांचे व्यवस्थापन. भाषण वीस मिनिटांचे ठरते, पस्तीस मिनिटे चालते. त्याहून लांबण्याची ताकद फक्त आभारप्रदर्शनात असते. आभार मानणारा सदस्य भाषणाचा सारांश सांगतो, त्यात आपल्या दोन मुद्द्यांची भर घालतो, माइकवाल्यापर्यंत सर्वांची नावे घेतो आणि ‘अनवधानाने कुणाचे नाव राहिले असल्यास’ म्हणून त्यांचेही आभार मानतो. या वाक्याला मागच्या रांगा उठतात.

सभेतला खरा जिवंत अधिकारी म्हणजे सार्जंट. शिस्त राखणे हे त्याचे काम, आणि दंड हे साधन. मोबाइल वाजला, दंड. पिन विसरली, दंड. वाढदिवस आला, नवी गाडी घेतली, मुलगी सीए झाली, पेपरात फोटो छापून आला, तरी दंड. शंभराच्या नोटा डब्यात पडतात आणि टाळ्या होतात. एरवी पार्किंगच्या वीस रुपयांवरून पावतीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस इथे हसत पैसे काढतो, कारण इथे दंडाबरोबर त्याच्या नव्या गाडीची जाहीर घोषणाही होते. वसुलीची याहून चोख पद्धत एकाही नगरपालिकेला सुचलेली नाही.

हजेरीबाबत रोटेरियन एकेकाळी फार हळवा होता. सलग चार सभा चुकल्या तर सदस्यत्व जाऊ शकते असा नियम होता आणि चुकलेली सभा दुसऱ्या गावच्या क्लबात बसून भरून काढता येत असे. त्याला ‘मेकअप’ म्हणत. लेकीच्या बाळंतपणाला बेंगळुरूला गेलेला सदस्य बुधवारी संध्याकाळी ‘जरा जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडे आणि अनोळखी क्लबात कन्नडमधले आभार ऐकून हजेरीचा कागद घेऊन परत येई. २०१६ साली रोटरीच्या विधिमंडळाने नियम सैल केले आणि महिन्यात दोन सभांवरही भागू लागले. तेव्हापासून बायकोला काय सांगायचे, हा नवा प्रश्न उभा राहिला आहे.

बायकोचा विषय निघालाच आहे तर तोही उरकायला हवा. क्लबात सदस्याच्या पत्नीला ‘ॲन’ म्हणतात आणि मुलांना ‘ॲनेट’. पिढ्यान्‌पिढ्या प्रकल्पाला नाश्ता करणे, रांगोळी काढणे आणि पाहुण्यांच्या पत्नीशी बोलत बसणे ही ॲनची कामे होती. सदस्यत्वाची दारे जगभर स्त्रियांना १९८९ साली उघडली. त्याआधी प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तालुक्यात पहिली महिला अध्यक्ष झाली त्या वर्षी सभा सातला सुरू होऊ लागल्या, जमाखर्च मार्चमध्येच जुळला आणि आभार दोन मिनिटांवर आले. पुढच्या वर्षी सगळे पूर्ववत झाले.

प्रकल्पांत सर्वांत लोकप्रिय वृक्षारोपण, कारण ते जुलैत येते आणि जुलैत अध्यक्ष नवा असतो. खड्डा आदल्या दिवशी माळ्याने खणून ठेवलेला असतो. करंजाचे वीतभर रोप काळ्या पिशवीत उभे असते. अध्यक्ष रोपाला हात लावतात, सचिव अध्यक्षांच्या हाताला, खजिनदार सचिवाच्या मनगटाला, आणि उरलेले आठजण एकमेकांच्या कोपरांना. असे अकरा जणांनी मिळून ते रोप जमिनीपासून फूटभर वर धरून ठेवलेले असते. ‘बॅनर दिसत नाही, सर’ असा आवाज येतो. बॅनर वर घेतात. मग मागच्यांचे चेहरे झाकतात, म्हणून बॅनर खाली घेतात, आणि मग रोप झाकते. शेवटी रोप न दिसणारा फोटो सर्वानुमते पसंत होतो. मंडळी चहाला वळली की माळी पिशवी फाडून रोप लावतो. त्या रोपाला उन्हाळाभर पाणी घालणारा एखादा निवृत्त शिक्षक सदस्य मात्र प्रत्येक क्लबात असतो. फोटोत तो सहसा सापडत नाही, आणि जगलेली झाडे त्याचीच.

गावात रोटेरियनला एकच तुल्यबळ प्रतिस्पर्धी आहे, तो म्हणजे लायन. लायन्सही शिकागोचेच, १९१७ चे. मेल्विन जोन्स हा विमा व्यावसायिक त्यांचा संस्थापक. हेलन केलर यांनी १९२५ साली लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून डोळा हे लायन्सचे क्षेत्र मानले जाते. रोटरीला हे तितकेसे मान्य नाही. त्यामुळे तालुक्यात मोतीबिंदूची दोन शिबिरे होतात आणि बाजारच्या दिवशी एसटी स्टँडसमोर दोन बॅनर समोरासमोर लागतात. एखाद्या म्हातारीचा डावा डोळा लायन्सने केलेला असतो आणि उजवा रोटरीने. कुठल्या डोळ्याने जास्त दिसते, असे तिला दोन्हीकडचे लोक खाजगीत विचारतात. ती दोन्हीकडे योग्य ते उत्तर देते आणि दोन्ही काळे चष्मे जपून ठेवते. या चढाओढीला नावे ठेवणारे गावात पुष्कळ आहेत, पण चढाओढ नसलेल्या गावात म्हातारीचा एक डोळा तसाच राहतो.

पोलिओच्या बाबतीत थट्टेला फारशी जागा नाही. जगातून पोलिओ घालवण्याची मोहीम रोटरीने १९८५ साली हाती घेतली. भारतात नव्वदीच्या दशकात पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. त्या रविवारी दुकान बंद ठेवून, पिवळे जाकीट घालून बूथवर बसलेला रोटेरियन सगळ्यांनी पाहिलेला आहे. मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करणे, रडणाऱ्याच्या हातात शिट्टी देणे, वीटभट्टीवरची आणि उसाच्या फडातली पोरे शोधायला सरकारी गाडी बंद असल्यास स्वतःची जीप काढणे, ही कामे त्याने वर्षानुवर्षे केली. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. तालुक्याच्या क्लबने त्या निमित्ताने फेलोशिप केली आणि सार्जंटने कुणालाही दंड केला नाही.

कमी बोलले जाणारे दुसरे काम म्हणजे शीतशवपेटी. मुलगा पुण्याहून किंवा परदेशाहून येईपर्यंत मयत ठेवायचे तर गावात दुसरी सोय नसते. पेटी क्लबची, तिची किल्ली हार्डवेअरवाल्या सदस्याकडे. रात्री दोनला फोन वाजला की तो पायजम्यावरच निघतो, पेटी टेम्पोत चढवून देतो, वायर लांब पडेल म्हणून दुकानातली एक्स्टेन्शन बरोबर घेतो आणि कुणाच्या घरी गेलो होतो ते सकाळी बायकोलाही सांगत नाही. या प्रकल्पाचे उद्घाटन झाले तेव्हा फीत कापायला कुणी पुढे होईना, आणि फोटोसाठी हा एकच प्रसंग असा की प्रत्येकाने मागची रांग पत्करली.

रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अध्यक्षाची कारकीर्द बरोबर एक वर्षाची असते. पदग्रहण समारंभाला गावाला जेवण, पहिल्या तिमाहीत उत्साह, आणि मग प्रांतपालांची भेट. प्रांतपाल हाही रोटेरियनच, दुसऱ्या शहरातला व्यापारी किंवा डॉक्टर. कित्येक जिल्ह्यांतल्या डझनावारी क्लबांना वर्षभरात भेट देऊन त्याला प्रत्येक ठिकाणी ‘असा क्लब पाहिला नाही’ असे म्हणावे लागते. त्याच्या भेटीआधी आठ दिवस सचिव झोपत नाही. न झालेल्या सभांची इतिवृत्ते, बंद पडलेल्या वॉटर फिल्टरची दुरुस्ती आणि शाळेला दिलेल्या बाकांवर क्लबचे नाव पुन्हा रंगवणे ही कामे त्या आठ दिवसांत होतात. शाळेला याचा फायदा असा, की फिल्टर वर्षातून एकदा तरी नक्की दुरुस्त होतो.

३० जूनला अध्यक्ष माजी होतो आणि त्याच्या आयुष्यातला दीर्घ टप्पा सुरू होतो. माजी नगराध्यक्षाला पाच वर्षांत गाव विसरते. माजी अध्यक्ष क्लबात तहहयात पहिल्या रांगेत बसतो आणि त्याचे प्रत्येक वाक्य ‘आमच्या वर्षी’ने सुरू होते. दरसाल एक या हिशेबाने जुन्या क्लबात निम्मे सदस्य माजी अध्यक्ष असतात, काही भावी असतात आणि काम सचिव करतो. पुढच्या वर्षीच्या पदाधिकाऱ्यांची निवड घटनेप्रमाणे डिसेंबरअखेर व्हावी लागते, त्यामुळे दिवाळीनंतर सचिवाचा शोध जोरात असतो. सदस्य होण्याची इच्छा असणाऱ्याने जरूर व्हावे, पण अर्ज जानेवारीत द्यावा.