नाक्यावरचे नाक

वडखळ नाका सोडून अलिबागच्या रोखाने निघालेल्या मनुष्यास, डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुरांडी नजरेच्या टप्प्यात असतानाच आणि अंबा नदीच्या खाडीवरचा धरमतरचा पूल अद्याप यावयाचा असतानाच, रस्त्याच्या कडेला गंजक्या पत्र्याची एक शेड दिसते. तिच्या दर्शनी भागी जुन्या टायरांची उतरंड, उतरंडीच्या सावलीत निजलेले एक कुत्रे, आणि त्याच्या शेजारी, कोणाच्या तरी गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवे बसून, डोळे मिटून, एखाद्या रसिकाने अत्तराचा फाया हुंगावा तशा तन्मयतेने धूर हुंगणारे एक गृहस्थ दिसतात. हे मिस्त्री. त्यांना नाव-आडनाव असेल, सातबाऱ्यावर ते चढलेलेही असेल. परंतु पेणपासून पोयनाडपर्यंत त्याची गरज आजवर कोणाला पडलेली नाही.

कोकणातल्या नाक्यानाक्यावर या जमातीचा एकेक प्रतिनिधी वसलेला असतो, आणि त्या सर्वांचे विद्याध्ययन अँबॅसिडर व प्रीमियर पद्मिनी या दोन विद्यापीठांत झालेले असते. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे की तिकडे याचा निवाडा कानाने करावा. टॅपेट वाजते की बेअरिंग हे लांब स्क्रूड्रायव्हरचे एक टोक इंजिनावर व दुसरे कानामागच्या हाडावर टेकवून ऐकावे. आणि गाडी पेट्रोल अधिक खाते की उपाशी चालते हे मात्र नाकानेच ठरवावे, असा त्यांचा परंपरागत कायदा. १९९५ च्या एप्रिलात चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि २००० च्या फेब्रुवारीत शिसेयुक्त पेट्रोल देशातून हद्दपार झाले, या दोन घटनांचा उल्लेख आमचे मिस्त्री एखाद्या जुन्या संस्थानिकाने विलीनीकरणाचा करावा तशा स्वरात करतात. कारण त्या सुमारास कार्बोरेटरची गादी खालसा झाली, आणि इंजिनाचा मुलकी कारभार एका बंद डब्यातल्या संगणकी कारकुनाकडे गेला.

या कारकुनाचा मुख्य बातमीदार म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. आकाराने अंगठ्याएवढा हा प्राणी धुराच्या नळीत, मॅनिफोल्डच्या जवळ, आट्यांनी घट्ट बसविलेला असतो. त्याच्या पोटात झिर्कोनियाची, म्हणजे चिनीमातीच्या कुळातली, एक टोपी असते. तिला आतबाहेर प्लॅटिनमचा मुलामा असतो. तिच्या एका अंगाला इंजिनाचा धूर आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची मोकळी हवा असते. आणि अंग ३०० अंशांच्या वर तापले, की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधली तफावत ती विजेच्या दाबाने कळवू लागते. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे पेट्रोल अधिक झाले असेल, तर ०.९ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन शिल्लक असेल तर ०.१ च्या आसपास. कारकून त्या बातमीबरहुकूम पेट्रोल क्षणोक्षणी कमीजास्त करतो आणि पेट्रोलच्या एका भागास हवेचे १४.७ भाग, हा आपला ठराव अमलात ठेवतो. बॉश कंपनीचा हा बातमीदार १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत प्रथम नोकरीस लागला. मिस्त्री त्याला ‘चुगलखोर’ म्हणतात. जे काम त्यांच्या नाकाने चाळीस वर्षे बिनबोभाट केले, ते काम कोणी नळीत बसून, तेही पगारावाचून करावे, हे त्यांना सोसत नाही. पूल झाला तेव्हा तरीवरच्या तांडेलांना काय वाटले असेल, याची कल्पना मला मिस्त्र्यांकडे पाहून येते.

माझी गाडी २००४ ची, पेट्रोलची, एमएच ०६ या पेणच्या पासिंगची. खाडीची खारी हवा, मिठागरांवरून येणारा वारा आणि पावसाळ्यातले रस्ते यांच्या संयुक्त परिश्रमाने तिच्या पोटाखालचा प्रत्येक नट आपल्या बोल्टाशी जन्मोजन्मीच्या गाठीने बांधला गेलेला. गेल्या वर्षी तिच्या तबकडीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि लिटरला पंधरा किलोमीटर चालणारी ही सालस गाडी अकरावर आली. शहरातल्या एका झगझगीत वर्कशॉपमध्ये तिला यंत्र जोडण्यात आले. यंत्राने ‘पी ०१७१’ असा आकडा उच्चारला. आकड्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त, असा निघाला. आणि पंचनामा, साक्षीपुरावा यांपैकी कशाचीही तोशीस न घेता, ज्याने ही बातमी आणली त्या सेन्सरलाच बडतर्फ करून त्याच्या जागी नवा नेमण्यात आला. बिलावरील रकमेचा उच्चार मी घरात अजून केलेला नाही. पंधरा दिवसांनी दिवा पुन्हा लागला.

मिस्त्र्यांकडे गाडी नेली, तेव्हा त्यांनी प्रथम चहा मागविला. चहापूर्वी निदान करणे हा त्यांच्या शास्त्रात अधर्म आहे. मग उकिडवे बसून तीन दीर्घ श्वास घेतले. “साहेब, कोण म्हणतो ही उपाशी? अजीर्ण झालंय हिला!” मी यंत्राचा कागद पुढे केला. त्यांनी तो हाती न घेताच वाचला आणि चेहरा असा केला, की जणू मी त्यांच्या मुलीच्या लग्नात परक्या भटजीची शिफारस केली होती. “कागद सांगतो पेट्रोल कमी, माझं नाक सांगतं जास्त. दोघांतला एक खोटा. आणि नाक तर जन्मापासून माझ्यासंगं आहे.”

येथे आणखी कोणी मिस्त्री असता, तर चुगलखोराला लबाड ठरवून मोकळा झाला असता. परंतु आमच्या मिस्त्र्यांचा अहंकार ज्या जातीचा आहे, ती जात प्रतिपक्षाला नुसते हरवून तृप्त होत नाही, तो का खोटे बोलला हे त्याच्याच तोंडून वदवून घेतल्याशिवाय तिला झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, त्यांनी पोऱ्याला ओले फडके घेऊन सायलेन्सरच्या तोंडाशी बसविले, गाडी चालू केली आणि स्वतः बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले. पोऱ्याने फडके दाबताच आतून ‘फुस्स’ असा आवाज आला. मॅनिफोल्ड आणि नळी यांच्या जोडावरचे गॅस्केट एका कोपऱ्यात खाल्ले गेले होते, आणि तेथे काजळीची एक बारीक मिशी उमटली होती. धूर नळीतून ठोक्याठोक्याने जातो. दोन ठोक्यांच्या मध्ये नळीत ओढ उत्पन्न होते. त्या ओढीने फटीतून बाहेरची हवा आत शिरत होती. सेन्सर फटीच्या पुढे. त्याला हवा दिसे, तो इमानाने ‘हवा जास्त’ असा लखोटा धाडी, आणि कारकून घाबरून पेट्रोल वाढवी. कागदही खरा होता आणि नाकही खरे होते.

याच जोडावर शहरातल्या त्या वर्कशॉपने लाल सिलिकॉनचा थर लिंपून ठेवला होता. तापल्यावर सिलिकॉनची वाफ होते आणि ती सेन्सरच्या टोकावर बसून त्याची दृष्टी अधू करते. म्हणून मिस्त्र्यांनी नवा सेन्सर काढावयास घेतला. त्यासाठी वायरीला वाट मिळावी म्हणून हॅक्सॉने उभा छेद दिलेला बावीस नंबरचा त्यांचा स्वतःचा पाना आहे. तो ते कोणाला उसना देत नाहीत. आट्यांवर गंज सोडविणारे तेल, इंजिन किंचित गरम, पुन्हा तेल, पुन्हा चहा, आणि अखेर दोन माणसांचा भार. निघालेल्या सेन्सरचे टोक कोड फुटल्यासारखे पांढुरके झाले होते.

“जुना कुठे आहे?” मिस्त्र्यांनी विचारले. तो माझ्या डिकीत, वायरीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. पलीकडच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून मल्टिमीटर आणवून त्यांनी त्याच्या वायरी जोडल्या आणि टोक गॅसच्या टॉर्चच्या निळ्या ज्योतीत धरले. क्षणभर काही नाही. मग टोक लाल झाले आणि आकडा सरसर चढत ०.८ वर गेला. ज्योत बाजूला करताच तो खाली आला, थोडा रेंगाळत, जिन्यावरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, परंतु आला. शेडमध्ये चार माणसे होती. कोणी बोलले नाही. बडतर्फ झालेला नोकर निर्दोष होता.

नवे गॅस्केट बसले. आट्यांना तांब्याचे ग्रीस लागले, टोकाला लागू नये म्हणून पोऱ्याच्या पाठीत आगाऊ धपाटा बसला, आणि जुना सेन्सर आपल्या जागी पुनःस्थापित झाला. वर्षभरात कंपनीचा असली नवा घालावा, हा मंद होत चाललाय, असा सल्ला मिस्त्र्यांनी दिला. अलीकडेच मी तो पाळला, आणि छेद दिलेला पाना पुन्हा एकदा बाहेर आला. “म्हणजे चुगलखोर खरं बोलत होता तर,” मी पहिल्या वेळीच म्हणालो होतो. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “खरं बोलला म्हणून काय झालं? चुगलखोर तो चुगलखोरच.”

परतताना पीयूसी करावयाची होती. मिस्त्री सोबत आले. तपासणीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली. ह्या वर्गातील गाडीला कार्बन मोनॉक्साइड अर्धा टक्का चालतो, आणि आमचा आकडा त्याच्या पुष्कळ आत आला. त्याने चिठ्ठी छापून पुढे केली, तेव्हा मिस्त्र्यांनी हातानेच त्याला थांबविले, गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले आणि डोळे मिटले. या वायूला वास मुळीच नसतो, हे त्यांना सांगण्याचे धैर्य मला त्या वेळी झाले नाही, आणि पुढेही व्हावयाचे नाही. तीन श्वास झाल्यावर ते उठले, चिठ्ठी घेतली, हात लांब करून आकडा वाचला, आणि तपासणीवाल्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “मशीन बरोबर आहे हो तुमचं.”