क्रूझरनं क्रूझला

"कुठं जाऊलालात सर?" शेजारच्या काकांनी फाटकावरून विचारलं.

"क्रूझला."

"कुणाची केली? डिझेल तुमच्याकडं का त्याच्याकडं?"

यात काकांची काही चूक नाही. परभणीत क्रूझर म्हणजे ती जीप, जिच्या कागदावर बारा-तेरा माणसं बसतात आणि जिंतूर रोडवर वीस. लग्नाचं वऱ्हाड, राखेला जाणारी मंडळी, शिर्डीचे भाविक, सगळ्यांचा भार तीच वाहते. बोलताना शेवटचा 'र' गळाला, तर वाहन बदललं असं आमच्याकडं कुणी मानत नाही. माणूस घाईत आहे, एवढंच समजून घेतात.

"क्रूझर नाही काका, क्रूझ. जहाज. मुंबईहून निघायचं, दोन रात्री समुद्रात राहायचं आणि परत मुंबई."

"मंजे निघायचं मुंबईहून आन् पोचायचं बी मुंबईलाच?"

"हो."

"मग मुंबईलाच ऱ्हावा की दोन दिवस. जहाजाचं भाडं कामून घालता?"

मी शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवतो. भरती-ओहोटी, खाऱ्या वाऱ्यांची दिशा, बंदरांची वैशिष्ट्यं, सगळं तोंडपाठ. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर क्रमिक पुस्तकात नव्हतं. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत चारेकशे किलोमीटर. आमच्या माणसाला प्रवासाला कारण लागतं. पुण्यात लेकरू शिकतं म्हणून पुणे, दवाखाना म्हणून मुंबई, विठोबा म्हणून पंढरपूर. काहीच कारण नसताना गाव सोडणारा माणूस एकतर निवडणुकीला उभा असतो, नाहीतर सावकाराला चुकवत असतो.

कारण होती आमची लेक. ती हिंजवडीत नोकरी करते. आजीला पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून तिनं सगळ्यांची तिकिटं परस्पर काढून टाकली. आईनं विचारलं, "तिथं देव कोणता?" लेक म्हणाली, "देव नाही आजी. नुसतं एन्जॉय करायचं." आईनं मान डोलावली, पण एक नारळ पिशवीत टाकलाच.

इथवर सगळं ठीक होतं. मग नियोजन दाजींनी हातात घेतलं. आमचे दाजी म्हणजे ताईंचे यजमान, आणि एका दगडात दोन पक्षी मारल्याशिवाय त्यांना दगड उचलल्याचं समाधान मिळत नाही. "जहाज सांजच्याला सुटणार. मग सकाळ काय रिकामी घालवायची? खोपोलीला इमॅजिका आहे, वाटंवरच. सकाळी पाळणे, दुपारी जहाज." खोपोली ते बॅलार्ड पिअर हे अंतर ऐंशीएक किलोमीटर आणि जहाजावर चढायची शेवटची वेळ साडेतीन, हे मी नकाशा काढून दाखवलं. दाजी म्हणाले, "सर, नकाशावर ट्रॅफिक नसतं आन् घाट पण चढावा लागत नाही. ते माझ्यावर सोडा." मला नेमकं तेच म्हणायचं होतं, पण ते माझ्या बाजूनं.

एवढी माणसं, एवढ्या पिशव्या. शेवटी काकांचंच खरं झालं. क्रूझला जायला क्रूझर केली.

रात्री नऊला निघालो. ६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग परभणीहून मानवत, पाथरी, माजलगाव करत अहिल्यानगरला जातो आणि पुढं माळशेज घाट उतरून कल्याणला टेकतो. म्हणजे समुद्राकडं जाणारा रस्ता आमच्या दारातूनच जातो. आम्हीच कधी शेवटपर्यंत गेलो नव्हतो. आम्ही सहाच जण होतो, लेक पुण्याला बसणार होती. पण तेरा सीटच्या गाडीत सहा माणसं ही दाजींच्या हिशेबानं उधळपट्टी. त्यामुळे मानवतला त्यांचे एक साडू चढले, पाथरीला साडूंचे व्याही आणि दोन पोरं. सगळे पुण्यापर्यंत. मांडीवर धपाट्यांचा डबा, पायाशी शेंगदाण्याच्या चटणीचा, खिडकीला ठेच्याची बाटली. अहिल्यानगरपर्यंत माझा उजवा पाय माझाच आहे की व्याह्यांचा, याची खात्री देता येत नव्हती.

पुण्यात चौघं उतरले, एक चढली. एक्सप्रेसवेवर उजाडलं, आणि खंडाळ्याचा घाट उतरून आम्ही खोपोलीजवळ पोचलो.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हे लेकीनं आधीच बजावलं होतं. म्हणून पार्किंगमध्येच क्रूझरचं मागचं दार उघडून पंगत बसली. धपाटे चाळीस होते. आईचा हिशेब साधा होता: माणशी चार, आणि रस्त्यात कोण भेटेल सांगता येत नाही. शर्थ करूनही सोळा उरले.

आत शिरलो आणि भाचा नायट्रोकडं धावला. नायट्रो म्हणजे रोलर कोस्टर, सव्वाशे फुटांहून उंच, वेग ताशी शंभराच्या पुढं, आणि वाटेत पाच वेळा डोकं खाली. दाजी खालून बघून हसले. "आमचं बालपण तुराबुल हकच्या उरुसात गेलं. पाळणेवाला दांड्याला लोंबकळून आकाशपाळणा फिरवायचा. हे काय, मशीन आहे." मग त्यांनी माहिती विचारली, कुठल्या कंपनीचं? मी म्हणालो, स्वित्झर्लंडच्या. दाजी जरा खट्टू झाले. "जगात जर्मनी आन् देशात परभणी" या म्हणीवर त्यांची हयात गेली आहे. जर्मनी थोडक्यात हुकली.

आईला एका बाकावर बसवलं. तिच्या ओटीत सहा जोड चपला-बूट, चार चष्मे, पाच मोबाईल आणि रुमालात बांधलेला दाजींचा पुढचा खोटा दात जमा झाला. नायट्रोच्या खुर्चीला खाली फळीच नाही, पाय अधांतरी. गाडी चढाला लागली तेव्हा दाजी बोलत होते. "सर, यात घाबरण्यासारखं असं काय—" हे त्यांचं त्या सकाळचं शेवटचं वाक्य. पुढं आकाश पायाखाली आलं, सह्याद्री डोक्यावर गेला, आणि अठ्ठावीस वर्षं मी फळ्यावर काढलेलं गुरुत्वाकर्षण पहिल्यांदाच माझ्याशी समोरासमोर बोललं. मी डोळे मिटले होते. शेजारून "पांडुरंगा, पांडुरंगा" असा अखंड नाद येत होता. दाजी माळकरी नाहीत.

खाली आलो. दाजी बाकापर्यंत चालत गेले, दात मागितला, बसवला, पण बोलले काहीच नाहीत. आई मात्र विचारात पडली होती. "मी नीट बघितलं. तुम्ही बसलात तिथंच उतरलात."

"हो आई."

"मग एवढं बोंबलत कुठं गेला होतात?"

पुढं राजासोरसची बोट. इथं मात्र माझा विषय होता. राजासोरस हा खराखुरा भारतीय डायनासोर. त्याची हाडं गुजरातेत राहिओलीला सापडली आणि नाव ठेवलं २००३ साली. बोट अंधारातून हळूहळू वर चढायला लागली तसं मी भाच्याला सांगू लागलो, "हा जवळपास पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचा. त्यानंतर थोड्याच काळात आपल्याकडं ज्वालामुखीचे थरावर थर पसरले. त्याच दगडाची झीज होऊन आपली काळी माती झाली. म्हणजे परभणीचा कापूस—"

कापसाशी बोट खाली सुटली. मी, बायको, ताई, दाजी, भाचा, लेक, सगळे मानेपर्यंत भिजलो. ओल्या अंगानं बाहेर येताना बायको एवढंच म्हणाली, "आपल्या नळाला आठवडा-आठवडा पाणी येत नाही आणि इथं माणसाच्या अंगावर ओततात. तेही पैसे घेऊन."

साडेबारा झाले. निघायला हवं होतं. बाकाशी आलो तर आई नव्हती. चपलाही नव्हत्या. सहा माणसं अनवाणी, चष्म्याविना, फोनविना आणि ओली, अशी आम्ही शोधमोहीम काढली. वीस मिनिटांनी आई एका झाडाखाली सापडली. शेजारी एक बाई. "ही सेलूची. हिची आत्या आपल्या गंगाखेडच्या मामींच्या जाऊबाईंची सख्खी विहीण!" आईचा चेहरा असा फुलला होता की तसा नायट्रोवरून उतरलेल्या कुणाचाही फुलला नव्हता. नातं लागल्यावर लगेच उठणं आमच्याकडं शिष्टाचाराला धरून नाही. हळदी-कुंकू नाही म्हणून दोघींनी एकमेकींना चॉकलेट दिलं, फोन नंबर लिहून घेतले, सेलूच्या बाईंच्या नातवाच्या लग्नाची विचारपूस झाली. गाडी सुटली तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"पोचतो का रे?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"बनी तो बनी सर," तो आरशात बघत म्हणाला, "नहीं तो परभणी." ही म्हण आमच्याकडं जुनी आहे, पण ताशी नव्वदच्या वेगात ती इतकी खरी मी कधी ऐकली नव्हती.

पळस्प्यावरून उरणच्या बाजूला वळून चिर्ल्याला अटल सेतूवर चढलो. २०२४च्या जानेवारीत सुरू झालेला हा पूल पावणेबावीस किलोमीटर लांब, आणि त्यातला साडेसोळा किलोमीटर निव्वळ समुद्रावर. आधी खाजण दिसलं, मग चिखल, मग पाणी, मग दोन्ही बाजूंना फक्त पाणी. आईनं खिडकीची काच खाली केली. आजवर तिनं सगळ्यांत मोठं पाणी पाहिलं होतं ते मुद्गलला, पावसाळ्यात गोदावरी महादेवाच्या देवळाला वेढते तेव्हा. ती बराच वेळ गप्प होती.

"याला पलीकडचा काठ आहे का रे?"

"आहे आई. अरबस्तान."

तिनं पिशवीतून नारळ काढला. पुलावर गाडी थांबवायला बंदी आहे, हे ड्रायव्हरनं तिला तीनदा सांगितलं. शेवटी तिनं नारळ नुसता खिडकीतून समुद्राला दाखवला आणि परत पिशवीत ठेवला. मग हात जोडून म्हणाली, "झालं की. क्रूझरनंच समुद्र वलांडला. आता जहाज कशाला?"

दाजी इतक्या वेळानं पहिल्यांदा बोलले. "तिकिटं परत होत नाहीत."

शिवडीला उतरून बंदराच्या रस्त्यानं बॅलार्ड पिअरला पोचलो तेव्हा तीन वाजून बारा मिनिटं. दाजींची पँट अजून ओली होती. हा धक्का मोठा इतिहासाचा. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल इथूनच पेशावरला जायची. विलायतेहून बोटीनं आलेला साहेब उतरला की समोर आगगाडी हजर. थोडं उत्तरेला भाऊचा धक्का, जिथून कोकणातले चाकरमानी ट्रंका घेऊन गावाकडच्या बोटीत चढायचे. या किनाऱ्यावर शतकभर ज्यानं ज्यानं पाय बोटीत टाकला, त्याला कुठंतरी पोचायचं होतं. कुठंच पोचायचं नसलेले ओले परभणीकर धक्क्याला तसे नवेच.

उरलेले सोळा धपाटे जहाजावर चालणार नव्हते. ते ड्रायव्हरच्या स्वाधीन केले. त्याचा चुलतभाऊ कुर्ल्याला राहतो, दोन दिवस तिथं थांबणार होता. आईनं त्याला ठेच्याची बाटलीही दिली आणि वर दोनदा बजावलं, "जपून ऱ्हाय बाबा, मोठं शहर आहे." आम्ही समुद्रात चाललो होतो, आणि काळजी त्याची.

जहाज म्हणजे कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस'. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, दोनशे अकरा मीटर लांब. आईनं वर बघून मजले मोजले, सातव्याला मान अवघडली म्हणून सोडून दिलं. "हे गाव आहे. याला ग्रामपंचायत आहे का?" चढल्यावर सगळ्यांना लाइफ जॅकेट कसं घालायचं ते शिकवलं. टायटॅनिक बुडालं १९१२ साली आणि तेव्हापासून हे नियम कडक झाले, असं मी सांगायला सुरुवात केली. बायको म्हणाली, "बोट खाली सुटायच्या आत संपवा." मी संपवलं.

खोलीत शिरल्या शिरल्या आईनं न्हाणीघर तपासलं. नळाला पाणी होतं. गरमही होतं. तिनं दोन ग्लास, एक बाटली आणि दात घासायचा पेला भरून ठेवला. "पुन्हा कधी येईल सांगता येत नाही."

संध्याकाळी डेकवर गेलो. मुंबई मागं सरत होती. दक्षिणेला खांदेरीचं बेट दिसू लागलं. १६७९ साली याच बेटासाठी मायनाक भंडारी इंग्रजांच्या गलबतांशी झुंजले, महिनोन् महिने. मी हे कुणालाच सांगितलं नाही. दाजी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. जहाज हलत नव्हतं, तरी.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. किनारा जवळ होता, रेंज अजून होती. आई स्पीकर लावूनच बोलते.

"कुठं पोचलात मावशी?" शेजारचे काका.

आईनं चारी बाजूंना बघितलं. एका बाजूला मावळता सूर्य, बाकी तीन बाजूंना पाणी.

"कुठंच नाही बाबा," ती म्हणाली. "आन् जायचं बी कुठंच नाही म्हणं." थोडं थांबली. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता, तो तिनं धरला नाही. "पर लई बेस वाटूलालंय."

पलीकडं काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "ते असू द्या. परत येताना क्रूझरमधी दोन सीट मोकळ्या ऱ्हातील का? आमचे जावई कल्याणला हाईत. वाटंवरच हाय."