सगळे जनरेटर बुडालेच नव्हते!

अहो, ऐकलंत का? जपानच्या त्या फुकुशिमा अणुवीज प्रकल्पाचं हो. सुनामी आली, जनरेटर बुडाले, पंप थांबले, असंच सांगतात ना सगळे? मग या जरा इकडे, कुंपणाशी. सगळे जनरेटर बुडालेच नव्हते! दोन नंबरच्या अणुभट्टीचा एक आणि चार नंबरच्या भट्टीचा एक, अगदी कोरडे ठणठणीत. वेगळ्या इमारतीत, तळमजल्यावर, हवेवर थंड होणारे. पण त्यांची वीज ज्या पॅनेलमधून पुढे जायची ते पॅनेल? ते खाली तळघरात! ते बुडालं. आता जनरेटर धडधाकट असून काय उपयोग, सांगा बघू.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात गेली. हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की हातातला चहा गार झाला. म्हणाले, "बघ, पंपाला काही झालेलं नसतं, पण रात्री-अपरात्री फोन मात्र पंपवाल्यालाच." खरंच आहे हो. आमच्याकडे यायचे ना... जाऊ दे.

तर काय सांगत होते, त्या प्रकल्पाची जागा. समुद्राकाठी चांगला ३५ मीटर उंच कडा होता. कंपनीनं तो कापून १० मीटरवर आणला. पायाला पक्का खडक हवा, हे एक झालं. पण दुसरं कारण ऐका: समुद्राचं पाणी एवढ्या उंच चढवायचं तर पंपांवर खर्च किती येईल! पंपांचा खर्च वाचवायला कडा कापला, आणि शेवटी तेच पंप... समुद्राच्या पाण्याचे पंप तर आणखी खाली, ४ मीटरवर होते. पहिले तेच गेले.

आणि त्याच किनाऱ्यावरच्या ओनागावा प्रकल्पाचं बघा. ती वीज कंपनी वेगळी. त्यांचे यानोसुके हिराई म्हणून एक म्हातारे अधिकारी हटूनच बसले होते, की जागा उंचच हवी. १४.८ मीटरवर बांधलं. लाट आली १३ मीटरची. उलट गावातलीच तीनशेच्या वर माणसं त्या प्रकल्पात आसऱ्याला येऊन राहिली!

फुकुशिमावाल्यांना माहीत नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. २००८ साली त्यांच्याच लोकांनी हिशोब मांडला होता, लाट १५.७ मीटरपर्यंत चढू शकते म्हणून. वरच्यांनी काय केलं? आधी तज्ज्ञांकडून नीट तपासून घेऊ म्हणाले आणि कागद गेला बाजूला. हे काम ज्या खात्याकडे होतं, त्याचे प्रमुख कोण होते त्या वेळी, ठाऊक आहे? थांबा, सांगते. इतक्यात नाही सांगणार.

११ मार्च २०११. दुपारी पावणेतीनला भूकंप. अणुभट्ट्या आपसूक बंद झाल्या, बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर लगेच सुरू झाले. सगळं अगदी ठरल्याप्रमाणे. भट्टी बंद झाली तरी आतली उष्णता थांबत नाही ना, पाणी फिरवत राहावंच लागतं. तासाच्या आत ती लाट आली. बहुतेक जनरेटर आणि पॅनेलं गेली, एक-दोन नंबरच्या तर बॅटऱ्यासुद्धा गेल्या. कंट्रोल रूममध्ये अंधार. आत पाणी किती आहे हे दाखवणारे मीटरसुद्धा मेलेले!

मग काय केलं असेल? कर्मचाऱ्यांच्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढल्या हो! बारा व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, तेव्हा कुठे तीन नंबरचा व्हॉल्व्ह उघडण्यापुरती वीज मिळाली. आणखी बॅटऱ्या विकत आणायच्या, तर खिशात रोकड नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सवर, साहेबांसमोर, घोषणा: कुणाकडे रोख पैसे असतील तर उसने द्या! एवढी मोठी कंपनी, वहिनी.

त्यात दोन नंबरचा एक पंप मात्र गुणी निघाला. भट्टीच्याच वाफेवर चालणारा. वीज जायच्या जरा आधी तो कुणीतरी सुरू केला होता. पुढे त्याच्यावर ताबा कुणाचाच नाही, चालू आहे की बंद तेही कळेना. मध्यरात्रीनंतर माणसं आत जाऊन बघून आली, तर हा चालूच! जवळजवळ तीन दिवस चालला.

आणि सहा नंबर! तिचा एक जनरेटर वाचला, हवेवर थंड होणारा, आणि मुख्य म्हणजे त्याचं पॅनेलही वाचलं. पुढे पाच नंबरलाही त्याच्यावरूनच वीज दिली. एका जनरेटरनं दोन बिऱ्हाडं सांभाळली म्हणा ना.

इकडे एक-दोन नंबरसाठी जनरेटरच्या गाड्या मागवल्या, तर रस्ते फुटलेले, ट्रॅफिक जाम. हेलिकॉप्टरनं आणाव्यात तर वजन जास्त. शेवटी गाड्या पोचल्या, माणसांनी टनभर वजनाची केबल अंधारात, पाण्यातून, हातांनी ओढत नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी जोडून झाली, आणि काही मिनिटांतच एक नंबरचा स्फोट. केबल फाटली. त्या माणसांचं काय झालं असेल त्या क्षणी...

तर. शेवटी कोण कामी आलं? अग्निशमनाचे बंब! त्यांचे पंप आपल्या इंजिनावर चालतात, त्यांना ना पॅनेल लागत ना केबल. संध्याकाळी समुद्राचं पाणी आत सोडायला लागले. तेवढ्यात पंतप्रधानांच्या कार्यालयात बसलेल्या कंपनीच्याच साहेबांचा फोन, थांबवा म्हणून. प्रकल्पाचे प्रमुख होते मासाओ योशिदा. हो, २००८ सालचे खातेप्रमुख तेच! त्यांनी काय केलं, पाणी सोडणाऱ्या माणसाला जवळ बोलावून हळूच सांगितलं, मी आता थांबवा म्हणेन, तू थांबवू नकोस. आणि मग कॅमेऱ्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असा, खणखणीत हुकूम: थांबवा!

पुढची खरी गंमत. पाणी ५५ मिनिटं बंद होतं, असं कंपनीनंच जाहीर केलं होतं. मे महिन्यात संसदेत हा गदारोळ! थांबवायला सांगितलं कुणी? विरोधक पंतप्रधान नाओतो कान यांच्यावर तुटून पडले. अणुसुरक्षा आयोगाचे अध्यक्ष हारुकी मादारामे यांच्या नावानंही खापर फुटलं, समुद्राच्या पाण्यानं भट्टीत पुन्हा अणुसाखळी सुरू होईल, या त्यांच्या शंकेमुळेच थांबवलं म्हणे. ते बिचारे, मी असं म्हटलंच नाही, म्हणून सांगतायत. कोण काय बोललं, शक्यता शून्य नाही म्हणाले की शक्यता आहे म्हणाले, याचा काथ्याकूट चाललाय. आणि २६ मे रोजी कंपनी सांगते, अहो, पाणी थांबलंच नव्हतं! मादारामेंचा चेहरा काय झाला असेल, विचारच करा.