फॉर्म बी आला, आग गेली

जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत महाराष्ट्रातल्या यच्चयावत इमारती अग्निसुरक्षित होतात. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' अशा भारदस्त नावाचा कायदा मालकाला किंवा भोगवटादाराला बजावतो, की बाबा रे, स्प्रिंकलर, पंप, पाइप सगळं चालू ठेव आणि तसं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा सादर कर. हाच तो फॉर्म बी. यातला 'चालू ठेव' हा भाग खर्चाचा असल्याने आपण 'सादर कर' तेवढं मनावर घेतलं. सेक्रेटरीला विचारा, "स्प्रिंकलर आहेत का?" उत्तर येतं, "आहेत ना, फाइलला लावलेत."

या सगळ्या कारभारात खरा शिस्तभंग करतो तो स्प्रिंकलरच. करंगळीच्या पेराएवढी काचेची नळी, आत लाल द्रव. भोवतालच्या उष्णतेने ती साधारण ६८ अंश सेल्सिअसला तापली, की द्रव फुगतो, काच फुटते आणि पाणी सुटतं. तेही जिथे आग तिथलंच. सिनेमात दाखवतात तसा सगळ्या मजल्यावर पाऊस पडत नाही. वरिष्ठांची मंजुरी नाही, पंचनामा नाही, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' नाही. असा कर्मचारी खात्यात असता तर एव्हाना निलंबित झाला असता.

सोसायट्यांनी मात्र त्याला बरोबर वठणीवर आणलंय. रंगारी छताला दोन हात देताना त्यालाही देतो, म्हणजे लाल ठिपका डोळ्यांना खुपत नाही. उरलेला पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये गडप होतो. हॉलमध्ये पाइप दिसला तर पाहुणे काय म्हणतील? पाचव्या मजल्यावर थेंब थेंब गळतं म्हणून मुख्य व्हॉल्व्ह बंद. पंप एकदा मध्यरात्री आपोआप सुरू झाला आणि चेअरमनांची झोपमोड झाली, तेव्हापासून तो 'मॅन्युअल'वर. होजची पितळी नोझल भंगारवाल्याकडे पोचलेली, आणि लाल पेटीत जिन्याचा झाडू, फिनेल, वॉचमनचा डबा. पेटीचा उपयोगच होत नाही, असं कोण म्हणेल?

सोसायट्यांनाच का बोल लावा? हा कायदा डिसेंबर २००८ मध्ये अमलात आला आणि २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालयाचे वरचे मजले जळाले. पाच माणसं गेली, फायलींचा तर हिशेबच नको. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली. महिना जानेवारीचाच होता. मग राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचा आदेश निघाला, आणि एप्रिलमध्ये विरारच्या एका रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला. ऑक्टोबरात करी रोडच्या साठ मजली टॉवरमध्ये आग लागली, तेव्हा इमारतीची स्वतःची अग्निशमन यंत्रणा बंद असल्याचं अग्निशमन दलाला आढळलं. साठ मजले चढवायला जमतं हो. पंपाचं बटण ऑटोवर ठेवायलाच काय ते मनुष्यबळ कमी पडतं.

कायद्यात नोटीस आहे, वीज-पाणी तोडण्याचा अधिकार आहे, तुरुंगही आहे. तरी सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय येतो तो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या सदरात, वडापाव वाटपाच्या किंचित आधी. परवाच्या अशाच एका सभेचं इतिवृत्त माझ्या हाती लागलंय.

पंप आणि स्प्रिंकलर दुरुस्तीचं कोटेशन वाचून दाखवण्यात आलं. आकडा ऐकून तिसऱ्या रांगेतून, "एवढे पैसे? आणि आग लागलीच नाही तर?" अशी रास्त शंका आली. तळमजल्यावरचे म्हणाले, आम्ही तर सरळ दारातून बाहेर पडू, आम्ही वर्गणी का द्यावी? सर्वात वरचे म्हणाले, आमच्या डोक्यावरच तर टाकी आहे. अखेर दुरुस्तीचा विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला, फॉर्म बीसाठी 'थोडं समजून घेणारी' एजन्सी शोधायचं ठरलं, आणि शिलकी पैशांतून प्रत्येक मजल्यावर सीसीटीव्ही बसवायचा ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक खजिनदार होते. ते म्हणाले, "उद्या काही पेटलंच, तर निदान सुरुवात कुणाच्या घरातून झाली ते तरी कळेल."