पोटाचे दिवाणजी

‘वजन आधी मनात कमी व्हावं लागतं, मग शरीरात,’ असं हल्ली वजन घटवण्याच्या कार्यशाळांमध्ये सांगतात. हे अगदी खरं आहे. आपल्याकडे दर रविवारी रात्री मटणाचा रस्सा ओरपून झाला की घरोघरी वजन मनातल्या मनात कमी होतं. सोमवारचा गजर लागतो, कपाटातले पळायचे बूट बाहेर निघतात, मोड आलेले मूग फडक्यात बांधले जातात. शरीराला तेवढं कळवायचं राहून जातं.

याचं कारण, मनाच्या हुद्द्याबद्दल आपला मुळातच गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, मन मालक आणि पोट नोकर. प्रत्यक्षात पेढी पोटाची आहे आणि मन तिथले दिवाणजी. मालकाने उधळायचं, दिवाणजींनी ते वहीत बसवायचं.

त्यांचं काम बघायचं असेल तर कुठल्याही ऑफिसात दुपारी चारच्या सुमारास जावं. कुणाचा तरी वाढदिवस असतोच. डाएटवर असलेले साहेब आधी ‘मला नको’ म्हणतात. ही नोंद ठळक अक्षरांत होते. मग ‘बरं, अगदी छोटा द्या’ म्हणून तुकडा येतो. साहेब तो सर्वांदेखत अर्धा करतात आणि अर्धाच खातात. उरलेला अर्धा बशीत बिचारा एकटा पडतो, म्हणून थोड्या वेळाने तोही जातो. सुरीला लागलेलं क्रीम बोटाने निपटणं ही निव्वळ स्वच्छता. वहीत नोंद : केक, अर्धा.

घरी तर निरनिराळी खाती उघडलेली असतात. उभ्याने खाल्लेलं ‘किरकोळ’. मीठ बघायला घेतलेली वाटीभर भाजी ‘तपासणी’. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी ‘अन्न टाकू नये’ या धर्मादाय खात्यात. आणि एकादशीला साबूदाणा, म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट, बटाटा आणि तूप घालून ‘उपवास’ या नावावर पुण्यात जमा! खर्चाची बाजू मात्र सढळ हाताने लिहिली जाते. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून उतरलं की दिवाणजी एक वडापाव मंजूर करतात. वडापावच्या साधारण ३०० कॅलरी. त्या चढउतारात जळतं ते नुसत्या पावालाही पुरत नाही.

ही कला फक्त आपल्यालाच येते असं समजून कुणी कॉलर ताठ करू नये. १९९२ साली अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. ‘आम्ही खातच नाही, तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या लोकांचं खाणं आणि हालचाल संशोधकांनी शास्त्रीय पद्धतीने मोजली. चयापचय ठणठणीत निघाला. मात्र खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलेलं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. आपण हातचं राखून सांगतोय, हे त्या मंडळींच्या गावीही नव्हतं.

ऐकण्याच्या बाबतीतही दिवाणजी फार तयारीचे. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात दीक्षित आणि दिवेकर असे दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणाले, कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत जेवा. गोड टाळा, रोज चाला. दिवाणजींनी फक्त ‘५५ मिनिटं’ टिपून घेतली. जेवण विसाव्या मिनिटाला आटोपलं की उरलेल्या पस्तीस मिनिटांत श्रीखंड बसवता येतं का, याचा विचार सुरू. ऋजुता दिवेकर म्हणाल्या, घरचं, हंगामातलं खा, व्यायाम करा आणि तुपाला घाबरू नका. दिवाणजींनी तूप तेवढं ठेवून घेतलं.

म्हणून मनाचा शरीरावर काही परिणामच नाही असं मात्र नव्हे. २०११ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३८० कॅलरींचा एकच मिल्कशेक त्याच लोकांना दोनदा पाजला. एकदा त्यावर ६२० कॅलरींची चैन असं लिहिलेलं, एकदा १४० कॅलरींचा समंजस आहार असं. चैन समजून प्यायल्यावर घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक झपाट्याने उतरलं. ‘समंजस’ समजून प्यायल्यावर ते फारसं हललंच नाही. म्हणजे बाजारातला ‘डाएट चिवडा’ आपण हलका समजून खातो, पोटही तो हलकाच धरतं, आणि पुडा संपतो. उत्पादकांना लोककल्याणाची खरीच चाड असेल तर त्यांनी पुड्यावर ‘साजूक तुपात बुडवलेला’ असं छापावं.

एवढं सगळं माहीत असूनही जाड माणूस दिसला की बारीक माणूस त्याला मनोनिग्रहावर प्रवचन देतोच. त्याने मिनेसोटाचा प्रयोग वाचावा. १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवलं होतं. युद्धात बंदूक हाती धरायला तत्त्वासाठी नकार दिलेली ही माणसं, म्हणजे निग्रहात कुणाला हार न जाणारी. तीही दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवली. मग आपला डाएटवाला रात्री साडेअकराला अंथरुणात पडून मिसळीचे व्हिडिओ बघतो, यात त्याचं काय चुकलं? उपाशी पोटाचा मुनीम तरी दुसरं काय वाचणार?

तेव्हा मनोबल वाढवण्याच्या भानगडीत पडू नये. वाढलेलं बळ दिवाणजी मालकाच्याच सेवेला लावतात. त्यापेक्षा फरसाणाचा डबा माळ्यावर टाकावा आणि स्टूल शेजाऱ्यांकडे ठेवायला द्यावं. आजवर ज्या आळसाने आपल्याला व्यायाम करू दिला नाही, तो खाऊही देणार नाही. संकल्प बुधवारपर्यंत टिकले तरी खूप. कंटाळा मात्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.